भाकर, पंगत आणि पाय धुणारा गुरू : ख्रिस्ती प्रसादविधीचा एक इतिहास

कामगार चळवळीतला माणूस वसंत व्याख्यानमालेत उभा राहिला, म्हणजे तो मजुरी, बोनस आणि संप यांविषयी बोलणार, असे श्रोते धरून चालतात. माझ्या आजच्या विषयाचे नाव वाचून काहींना नवल वाटले असेल. कॅथलिक ख्रिस्ती लोकांच्या उपासनेत भाकर मोडून वाटण्याचा जो मुख्य विधी आहे, त्याचा अर्थ काय, आणि त्याच्याशी जोडलेला सेवाधर्म इतिहासात कसा वागला, हा तो विषय होय. मी ख्रिस्ती नाही. धर्मशास्त्राचा पंडित तर मुळीच नाही. शाळा लवकर सुटली आणि पुढचे शिक्षण सार्वजनिक वाचनालयाच्या बाकावर झाले. परंतु विडीकामगार आणि यंत्रमागकामगार यांच्यात तीस वर्षे काढल्यावर एक गोष्ट पक्की कळली आहे. कोण कोणाच्या शेजारी जेवायला बसतो, कोण वाढतो आणि उष्टी कोण काढतो, या तीन प्रश्नांनी समाजाची परीक्षा होते. ज्या धर्माने जेवणाच्या पंगतीलाच आपली सर्वोच्च पूजा मानले, त्याला हे तीन प्रश्न विचारून पाहावेत, एवढाच माझा हेतू आहे.

प्रथम मूळ प्रसंग पाहू. इसवी सनाच्या पहिल्या शतकात, सुमारे तिसाव्या वर्षाच्या आसपास, यरुशलेम शहरात येशूने आपल्या बारा शिष्यांबरोबर अखेरचे भोजन केले. दिवस यहुदी लोकांच्या वल्हांडण सणाचे होते. हा सण कशाचा? मिसर देशात विटा पाडण्याच्या वेठीला जुंपलेले लोक तेथून सुटले, त्या सुटकेच्या आठवणीचा. निघण्याची एवढी घाई झाली की कणीक फुगायलाही वेळ मिळाला नाही, म्हणून त्या सणात बेखमीर भाकर खातात. म्हणजे ज्या पंगतीतून हा विधी जन्मला, ती पंगतच मुळी वेठबिगारांच्या मुक्तीची होती. त्या रात्री येशूने भाकर हाती घेतली, आभार मानले, ती मोडली आणि शिष्यांना दिली. हे आपले शरीर आहे असे सांगितले. द्राक्षरसाचा प्याला फिरवला आणि हे आपले रक्त आहे असे सांगितले. आपल्या आठवणीसाठी हे करीत राहा, अशी आज्ञा दिली. दुसऱ्या दिवशी त्याला क्रुसावर चढवण्यात आले.

कॅथलिक श्रद्धा अशी की, धर्मगुरू वेदीवर ही प्रार्थना म्हणतो तेव्हा भाकर आणि द्राक्षरस यांचे बाह्य रूप तसेच राहते, पण तत्त्व बदलते. तेथे स्वतः ख्रिस्त उपस्थित असतो. १५५१ साली ट्रेंटच्या धर्मसभेने हे मत नेमक्या शब्दांत मांडले. प्रॉटेस्टंट पंथांत याविषयी निरनिराळी मते आहेत. कोणी उपस्थिती मानतात, कोणी केवळ स्मरण मानतात. त्या वादात शिरण्याचा माझा अधिकार नाही. मला महत्त्वाची वाटतात ती या विधीची दोन नावे. ग्रीक भाषेतले नाव युखारिस्त. त्याचा अर्थ आभार मानणे. दुसरे नाव आपल्याकडचे कॅथलिक रोज वापरतात ते मिस्सा. हा शब्द लॅटिनमधल्या निरोपाच्या वाक्यातून आला आहे. उपासना संपली, आता निघा, असे सांगण्यासाठी जो शब्द होता, तोच पुढे सगळ्या विधीचे नाव होऊन बसला. जणू देवळात काय झाले यापेक्षा देवळातून उठून माणूस कोठे जातो आणि काय करतो, यालाच महत्त्व आहे.

आता एक चमत्कारिक गोष्ट पाहा. मत्तय, मार्क आणि लूक या तीन शुभवर्तमानांत भाकर आणि प्याला यांची हकिकत आहे. चौथे शुभवर्तमान योहानाचे. त्याच रात्रीचे वर्णन योहान पुष्कळ विस्ताराने करतो. परंतु भाकर आणि प्याला यांच्यावर उच्चारलेले शब्द तो देतच नाही. त्या जागी तो दुसरीच गोष्ट सांगतो. जेवण चालू असता येशू उठला, अंगावरचे वस्त्र काढून ठेवले, कमरेला पंचा गुंडाळला, परातीत पाणी ओतले आणि शिष्यांचे पाय धुऊ लागला. त्या काळी धुळीच्या रस्त्यांनी चालून आलेल्या पाहुण्यांचे पाय धुणे हे घरातल्या सर्वांत खालच्या गुलामाचे काम. पेत्र नावाच्या शिष्याला हे सहन होईना. त्याने पाय मागे घेतले. तेव्हा, हे तू होऊ दिले नाहीस तर माझ्याशी तुझा वाटा नाही, असे येशूने त्याला बजावले. शेवटी, मी गुरू असून तुमचे पाय धुतले, तेव्हा तुम्हीही एकमेकांचे पाय धुतले पाहिजेत, अशा अर्थाचा दंडक घालून दिला.

जेथे प्रसादाची हकिकत हवी, तेथे पाय धुण्याची हकिकत बसवली, याचा अर्थ एकच संभवतो. योहानाच्या दृष्टीने या दोन गोष्टी निराळ्या नव्हत्या. आणि येथे लक्षात घेण्याजोगा मुद्दा असा की, त्या खोलीत नम्रता कोणी दाखवली? शिष्याने नव्हे, गुरूने. वरचा माणूस खाली वाकला. नम्रतेचा उपदेश जगात सर्वत्र होतो, पण तो बहुधा खालच्यालाच केला जातो. मजुराने नम्र असावे, सुनेने नम्र असावे, महाराने नम्र असावे! या प्रसंगाचा उपदेश बरोबर उलट दिशेने चालतो.

या पंगतीविषयीचा सर्वांत जुना लेख शुभवर्तमानांतला नाही; तो पौलाच्या पत्रातला आहे. करिंथ या ग्रीक बंदरातल्या ख्रिस्ती मंडळीला पौलाने सन ५५ च्या सुमारास पत्र लिहिले. शुभवर्तमाने त्यानंतरची. पौलाला हा विषय काढावा का लागला? तर तक्रार आली होती म्हणून! करिंथचे श्रीमंत लोक आपापले जेवण घेऊन आधी येत आणि पोटभर खाऊनपिऊन बसत. गोदीत आणि घरोघर राबणारे लोक काम संपवून उशिरा येत, त्यांना उपाशी राहावे लागे. पौल त्यांना स्पष्ट विचारतो की, ज्यांच्याजवळ काही नाही त्यांना तुम्ही लाजवता काय? असे जेवण हे प्रभूचे भोजन नव्हेच, असा त्याचा निर्वाळा आहे. एकमेकांसाठी थांबा, मग जेवा, असे तो सांगतो. दोन हजार वर्षे जगभर ज्या शब्दांनी हा विधी होत आला, ते शब्द प्रथम कागदावर उतरले ते एका पंगतभेदाच्या तक्रारीच्या उत्तरात. आम्हा संघटनेच्या माणसांना हे वाचून अगदी घरच्यासारखे वाटते.

प्रेषितांची कृत्ये या ग्रंथातही अशीच एक तक्रार नोंदलेली आहे. यरुशलेमच्या मंडळीत रोज अन्न वाटले जाई. त्यात ग्रीक बोलणाऱ्या विधवांना डावलले जाते, अशी कुरबुर झाली. तेव्हा सात माणसे निवडून वाढपाची जबाबदारी त्यांच्यावर टाकली. आणि त्या सातांची नावे ग्रीक आहेत. म्हणजे ज्यांची तक्रार, त्यांच्याच भाषेच्या माणसांच्या हाती पळी दिली. ख्रिस्तसभेत दीक्षितांचे म्हणजे डीकनचे जे पद आहे, त्याचे मूळ परंपरा येथे शोधते. त्या ग्रीक शब्दाचा अर्थच वाढपी, सेवक. पुढे सहाव्या शतकाच्या अखेरीस पहिल्या ग्रेगरी पोपने स्वतःला देवाच्या सेवकांचा सेवक असे म्हणवून घेतले आणि ती पदवी पोपांच्या नावापुढे अद्याप लागते.

पदवी टिकली, पण वागणूक टिकली का? इतिहासाचे उत्तर संमिश्र आहे. रोमन साम्राज्याने ख्रिस्ती धर्म आपलासा केल्यावर घरातले जेवणाचे मेज जाऊन संगमरवरी वेदी आली. वाढपी आणि जेवणारे यांच्यात कठडा आला. मध्ययुगात सामान्य माणसाला फक्त भाकर आणि प्याला धर्मगुरूंपुरता, अशी वहिवाट पडली. बोहेमियात, म्हणजे आजच्या चेकियात, यान हुसच्या अनुयायांनी प्याला सर्वांना मिळाला पाहिजे अशी मागणी केली. १४१५ साली कॉन्स्टन्सच्या धर्मसभेने ती नाकारली आणि त्याच वर्षी हुसला जिवंत जाळले. पुढे शेतकरी आणि कारागीर यांच्या फौजा ज्या निशाणाखाली लढल्या, त्यावर प्याल्याचे चित्र असे. एका घोटाच्या समान हक्कासाठी माणसे वर्षानुवर्षे लढली. आपल्याकडे महाडच्या तळ्यावर १९२७ साली ओंजळभर पाण्यासाठी काय झाले, हे ज्याला ठाऊक आहे त्याला या लढ्याचे मर्म वेगळे समजावून सांगायला नको. पाय धुण्याचा विधीही याच काळात राजेरजवाड्यांच्या हाती गेला. वर्षातून एक दिवस सम्राट बारा गरिबांचे पाय धुई. उरलेले दिवस तेच गरीब त्याच्या शेतावर वेठ करीत.

हा विधी मराठी मुलखात आला तो पोर्तुगीज जहाजांतून. १५१० साली गोवा पडले, १५३४ च्या तहाने वसई त्यांच्या हाती गेली. तलवार आणि क्रूस एकाच गलबतातून उतरले, हे लपवण्यात अर्थ नाही. १५६७ साली साष्टीतली देवळे पाडली गेली. १५६० पासून १८१२ पर्यंत, मधली थोडी वर्षे सोडता, गोव्यात इन्क्विझिशनचे न्यायासन होते. १५८३ साली कुंकळ्ळीच्या गावकऱ्यांनी पाच जेझुइट मारले. त्यानंतर गावच्या प्रमुखांना असोळण्याच्या किल्ल्यात बोलावून ठार करण्यात आले. पाय धुणाऱ्या गुरूचे नाव घेणाऱ्यांच्या हातून हे घडले.

त्याच साष्टीत थॉमस स्टीफन्स नावाचा इंग्रज जेझुइट वावरत होता. कुंकळ्ळीला पडलेल्यांची प्रेते आणणाऱ्यांत तो होता. तो १५७९ साली गोव्यास आला आणि १६१९ साली तेथेच वारला. त्याने या देशाची भाषा केवळ शिकून घेतली नाही. तो तिच्या प्रेमात पडला. १६१६ साली राचोल येथे त्याचे ख्रिस्तपुराण रोमन लिपीत छापले गेले. सुमारे अकरा हजार ओव्यांचा हा ग्रंथ. पहिल्या पुराणात जुन्या कराराची कथा, दुसऱ्यात ख्रिस्ताचे चरित्र. ज्यांची पोथीपुराणे हिरावली गेली होती, त्या लोकांच्या कानांना सवयीची असलेली ओवी त्याने उचलली. स्वर्गाला वैकुंठ म्हणताना त्याला संकोच वाटला नाही. मिस्सा लॅटिनमध्ये होई, ती लोकांना कळत नसे. कथा मात्र मराठीत ऐकू येई. पुढे १६८४ साली पोर्तुगीज सरकारने स्थानिक भाषा मोडून काढण्याचा हुकूम काढला, तरी पुराणाचे वाचन घरोघर चालत राहिले. १९५६ साली शांताराम बंडेलू यांनी ते पुण्याहून देवनागरीत प्रसिद्ध केले.

स्टीफन्स साष्टीत होता त्याच वर्षांत पैठणला एकनाथ महाराज होते. त्यांनी १५९९ साली देह ठेवला. श्राद्धासाठी शिजलेले अन्न नाथांनी भुकेल्या अंत्यजांना वाढले आणि ब्रह्मवृंद रागावला, ही कथा आपण कीर्तनात ऐकतो. दोघांची भेट झाली नाही, परंतु प्रश्न दोघांपुढे एकच होता : पंगतीत कोणाला बसवायचे?

गोव्यातल्या ख्रिस्तसभेने या प्रश्नाला काय उत्तर दिले? वेदीसमोर सर्वांना एकच प्रसाद, हे तत्त्व. व्यवहारात मात्र बाटलेल्या लोकांबरोबर जातही देवळात शिरली. सणाचा मान कोणाचा, मिरवणुकीत पुढे कोण चालणार, हे ठरवणारी कोन्फ्रारी नावाची मंडळे जातवार राहिली. दक्षिणेकडे तमिळ प्रांतात वडक्कनकुलम येथील चर्चमध्ये जाती वेगळ्या बसवणारी भिंत होती. ती १९१० साली पाडली गेली. भाकर एक, पण ती खाताना मधे भिंत! करिंथला पौलाने ज्या गोष्टीवर बोट ठेवले, तीच ही.

या अंधारात एक माणूस उठून दिसतो. जुझे वाझ. जन्म १६५१, गोव्यातल्या ब्राह्मण कुळातल्या ख्रिस्ती घरातला, घर सांकवाळचे. १६७७ साली त्याने स्वतःला मरियेचा दास म्हणून लिहून दिले. तेव्हा श्रीलंकेच्या किनाऱ्यावर डच लोकांचे राज्य होते आणि त्यांनी कॅथलिक उपासनेला बंदी घातली होती. १६८७ साली वाझ मजुराच्या वेषात जाफन्याला उतरला. अनवाणी पाय, अंगावर फाटका पंचा, दारोदार भीक. रात्री गुपचूप एखाद्या घरात मिस्सा करावी, लोकांना प्रसाद द्यावा आणि उजाडण्यापूर्वी पुढचे गाव गाठावे, असा त्याचा क्रम. कँडीच्या बौद्ध राजाने त्याला आधी हेर समजून कैदेत टाकले, नंतर मोकळीक दिली. १६९७ साली कँडीत देवीची साथ आली. लोक आजाऱ्यांना रानात टाकून पळाले. तेव्हा वाझने त्यांच्यासाठी आडोसे उभारले, त्यांना हातांनी भरवले, त्यांच्या जखमा धुतल्या, मेलेल्यांना पुरले. ख्रिस्ती कोण आणि बौद्ध कोण हे विचारले नाही. १७११ साली तो कँडीतच वारला. २०१५ साली पोप फ्रान्सिस यांनी कोलंबोत त्याला संतपद दिले. ज्याच्या कुळाने इतरांकडून पाय धुऊन घ्यावयाचे, त्याने परक्यांच्या जखमा धुतल्या. आणि तरीही इतिहासाची गंमत अशी की, तो ज्या गोवेकर धर्मगुरूंच्या मंडळाचा होता, त्या मंडळात पुढे दीर्घकाळ ब्राह्मण कुळांतल्यांनाच प्रवेश मिळे! माणूस एका उडीत पुढे जातो, संस्था मात्र मागे राहून उंबरा मोजत बसते.

पोर्तुगिजांनी आणखी एक वस्तू मागे ठेवली, ती म्हणजे पाव. हा शब्द त्यांच्याच भाषेतला. मिस्सेसाठी गव्हाचीच भाकर लागते, असा कॅथलिक नियम आहे. आपल्या मंद्रूपच्या काळ्या रानात शाळू पिकतो. आपली भाकर ज्वारीची. गहू सणासुदीचा. पण गोव्यात गव्हाचा पाव रोजचा झाला आणि तेथून मुंबईच्या गिरणगावात पोहोचून कामगाराचे अन्न बनला. मधल्या काळात या पावाने महाराष्ट्रात एक मोठी कामगिरी बजावली. १८४९ साली मुंबईत दादोबा पांडुरंग आदी मंडळींनी परमहंस सभा काढली. जातिभेद मोडणे हे तिचे व्रत. नव्या सभासदाने ख्रिस्ती माणसाच्या हातचा पाव खावयाचा, ही तिची दीक्षा! पण सभा गुप्त होती. सुमारे १८६० साली तिची नावे बाहेर फुटली आणि सभा विरून गेली. १८९० साली पुण्यात पंचहौद मिशनमध्ये रानडे, टिळक आदी प्रतिष्ठित मंडळी व्याख्यानाला गेली असता चहा-बिस्किटे पुढे आली. ते मिशन कॅथलिक नव्हे, अँग्लिकन पंथाचे. पण सनातन्यांना त्याचे काय? नावे छापली गेली, ग्रामण्य उभे राहिले, प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेले आणि प्रायश्चित्ताचा घोळ पुढे दोन वर्षे चालला. एक कप चहा एवढा भारी होता.

हे सुशिक्षितांचे झाले. गिरणीत काय होते? मुंबईच्या गिरण्यांत विणाईखात्यात मजुरी अधिक. पण अस्पृश्य कामगारांना तेथे प्रवेश नसे. कारण धोट्यातला धागा तोंडाने ओढून घ्यावा लागे. एकाच्या ओठाला लागलेला धोटा दुसऱ्याने ओठाला कसा लावावा, अशी सवर्ण कामगारांची हरकत. १९२८ च्या मोठ्या संपाच्या वेळी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी हा प्रश्न कामगार पुढाऱ्यांसमोर रोखठोक मांडला. लाल बावट्याखाली एक झालेल्या माणसांचे ओठ मात्र एक झाले नव्हते. म्हणून मी म्हणतो, एकाच प्याल्याला ओठ लावण्याचा जो विधी आहे तो पोथीतला बारकावा नाही. ज्याने या देशात कारखाना पाहिला आहे, त्याला त्याची किंमत कळते. मी स्वतः एका कारखान्यात, तेही फार जुनी गोष्ट नव्हे, पिण्याच्या पाण्याचे दोन माठ पाहिले आहेत. पाटी कोणावरच नव्हती. पण कोणाचा कोणता, ते सगळ्यांना ठाऊक होते.

आपला हा भीमा-सीनेचा मुलूख या विचाराला परका नाही. बाराव्या शतकात बसवेश्वरांनी कायक आणि दासोह ही दोन सूत्रे दिली. कष्ट करून मिळवावे आणि मिळवलेले दास्यभावाने समाजात वाढावे. सोलापूरच्या सिद्धरामेश्वरांनी देवळाच्या जोडीला तळे खोदवले. दासोहात अन्न देणारा स्वतःला दाता समजत नाही, दास समजतो; योहानाच्या गोष्टीतला पंचा कमरेला गुंडाळलेला गुरू याहून काय निराळा आहे? मंगळवेढ्याच्या दामाजीपंतांनी दुष्काळात सरकारी कोठारे उघडली, अशी परंपरा सांगते. त्याच मंगळवेढ्यात चोखोबा गावकुसाच्या भिंतीचे काम करताना भिंत कोसळून गाडले गेले. ज्याला देवळात प्रवेश नव्हता, त्याच्याकडून गावाचे रक्षण करणारी भिंत मात्र बांधून घेतली! पंढरीच्या वारीची सांगता काल्याने होते. सगळ्यांचे एकत्र कालवून सगळ्यांनी खावयाचे. पण त्या काल्याच्या गावातले देऊळ सर्वांना उघडावे म्हणून मे १९४७ मध्ये साने गुरुजींना प्राण पणाला लावावे लागले. तेव्हा ख्रिस्ती पंगतीतल्या भिंतीकडे बोट दाखवताना आपले बोट आपल्याकडेही वळवले पाहिजे.

आता अलीकडच्या काळाकडे येऊ. १८९१ साली पोप तेरावे लिओ यांनी कामगारांच्या प्रश्नावर परिपत्र काढले. मजुराला कुटुंब पोसण्याइतकी मजुरी हवी आणि संघटना करण्याचा त्याला हक्क आहे, हे त्यात मान्य केले. समाजवादावर त्यांनी कडक टीका केली, हेही खरे. मे २०२५ मध्ये निवडून आलेल्या पोपनी चौदावे लिओ हे नाव घेतले, ते या परिपत्राची आठवण धरूनच. पण कामगाराच्या दृष्टीने मला याहून लहानशा वाटणाऱ्या काही नियमांत अधिक अर्थ दिसतो. पूर्वी प्रसाद घ्यावयाचा तर मध्यरात्रीपासून पाण्याचा थेंबही चालत नसे आणि मिस्सा सकाळीच होई. रात्रपाळी करून आलेल्या माणसाने, भट्टीसमोर घाम गाळणाऱ्याने हा उपास कसा पाळावा? म्हणजे कामगार आपोआप पंगतीबाहेर! १९५३ साली बारावे पायस यांनी पाणी पिण्याची सूट दिली आणि संध्याकाळच्या मिस्सेला वाट मोकळी केली. १९५५ च्या सुधारणेने पवित्र गुरुवारचा विधी सकाळऐवजी संध्याकाळी आणला आणि पाय धुण्याला त्या मिस्सेतच जागा दिली. करिंथच्या लोकांना पौलाने सांगितले होते, उशिरा येणाऱ्यांसाठी थांबा. थांबायला एकोणीस शतके लागली, पण थांबले.

पुढची पायरी भाषेची. ४ डिसेंबर १९६३ रोजी दुसऱ्या व्हॅटिकन धर्मसभेने लोकभाषेतील उपासनेला मान्यता दिली आणि वसईच्या मळेवाल्यांना, कोळ्यांना मिस्सा मराठीत ऐकू येऊ लागली. नव्या विधीत भाकर अर्पण करताना ती जमिनीचे फळ आणि माणसाच्या कष्टाचे फळ आहे, असा भाव बोलून दाखवतात. शेतकरी आणि मजूर, दोघांची हजेरी वेदीवर लागली. बरोबर एका वर्षाने, नोव्हेंबर-डिसेंबर १९६४ मध्ये, या प्रसादविधीच्या सन्मानार्थ भरणारी जागतिक परिषद मुंबईच्या ओव्हल मैदानावर भरली. सहावे पॉल तीसाठी आले. भारतात पाऊल ठेवणारे ते पहिले पोप. देशात धान्याची टंचाई होती. भुकेल्या देशात भाकरीच्या पूजेचा सोहळा कशाला, असा प्रश्न कोणाच्याही मनात येणे साहजिक होते. पोपनी मुंबईहूनच जगाला आवाहन केले की, शस्त्रांवरचा खर्च कमी करून गरीब राष्ट्रांसाठी निधी उभारा. त्यांच्यासाठी आलेली आलिशान मोटार त्यांनी मदर तेरेसा यांना देऊन टाकली; तिच्या सोडतीतून आलेला पैसा कुष्ठरोग्यांच्या वसाहतीला लागला. मोटारीचे झाले, शस्त्रांच्या पैशांचे मात्र जगाने ऐकले नाही.

या मराठी परंपरेचे एक फळ आपण जवळूनच पाहिले. सुबोध बायबल मराठीत आणणारे आणि वसईची हिरवाई राखण्यासाठी चळवळ उभी करणारे फादर फ्रान्सिस दिब्रिटो जानेवारी २०२० मध्ये शेजारच्या उस्मानाबादेत, म्हणजे आजच्या धाराशिवात, मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले. जुलै २०२४ मध्ये ते वारले. पोप फ्रान्सिस यांनी २०१३ च्या पवित्र गुरुवारी रोमच्या बालगुन्हेगारांच्या तुरुंगात जाऊन बारा जणांचे पाय धुतले. त्यांत मुली होत्या, मुसलमान होते. तोवर नियम फक्त पुरुषांचे पाय धुण्याचा होता. २०१६ साली तो बदलून स्त्रियांनाही जागा झाली. त्याच वर्षी भारतातल्या कॅथलिक धर्माध्यक्षांनी दलितांविषयीचे धोरण जाहीर केले आणि ख्रिस्तसभेत जातिभेद अजून नांदतो हे मान्य केले. रोग आहे हे कबूल करणे म्हणजे औषध नव्हे, पण त्यावाचून औषध सुरूही होत नाही.

आता शेवटचा आणि माझ्या धंद्याचा मुद्दा. सेवा या शब्दाला आपल्याकडे एक कीड लागली आहे. जे काम फुकट किंवा अर्ध्या पैशांत करून घ्यावयाचे, त्याला सेवा म्हणावयाचे! अंगणवाडीतली बाई सेविका. म्हणून तिला पगार नाही, मानधन. गावोगाव बाळंतिणींना दवाखान्यात नेणारी आशा स्वयंसेविका. म्हणून तिलाही पगार नाही, मोबदला. मैला वाहण्याच्या प्रथेविरुद्ध १९९३ आणि २०१३ असे दोन कायदे झाले, तरी गटारात गुदमरून माणसे मरतात. आणि वर्तमानपत्रात त्यांना स्वच्छतादूत म्हटले जाते. ख्रिस्ती संस्थाही या दोषातून सुटलेल्या नाहीत. धर्मकार्य म्हणून कमी पैशांत राबणारी माणसे तेथेही आहेत. पाय धुण्याच्या गोष्टीचा आधार घेऊन मजुराला कोणी गप्प बसवू लागला, तर त्याने ती गोष्ट वाचलीच नाही असे समजावे. तिथे नोकराला सेवा कर असे सांगितलेले नाही. मालकाने उठून पंचा गुंडाळला आहे. आणि त्याच नव्या करारात याकोबाच्या पत्रात, कापणी करणाऱ्यांची अडवून ठेवलेली मजुरी देवाच्या कानी ओरडून सांगते, अशी तंबीही श्रीमंतांना दिलेली आहे. सेवा ही मजुरीच्या जागी देण्याची वस्तू नाही. आधी मजुरी चोख द्यावी, मग सेवेच्या गोष्टी बोलाव्यात. आणि त्या बोलताना पहिली परात स्वतः उचलावी.

दोन हजार वर्षांचा हा इतिहास पाहिला तर त्यात पंगत कधी मोडली, कधी पुन्हा मांडली गेली. कधी मधे भिंत आली, कधी ती पाडली गेली. पण एक गोष्ट खरी की, ज्याने ज्याने भिंत पाडली, त्याला आधार त्या मूळ पंगतीचाच मिळाला. दासोह असो, काला असो की मिस्सा असो. विधी हा आरशासारखा आहे, त्यात पाहून चेहरा पुसावयाचा असतो. गावजेवणात, लग्नात, कारखान्याच्या उपाहारगृहात पुढच्या वेळी आपण पानावर बसू, तेव्हा शेजारी कोण आहे, वाढतो कोण आणि उष्टी काढायला कोण वाकले आहे, एवढे डोळे उघडून पाहावे, आणि जे दिसेल ते बदलण्यासाठी आपणच आधी उठावे, एवढी विनंती करून मी आपली रजा घेतो.